पाकीट, पिशवी, पोर

हातातला तिकिटाचा चिमटा ते डोक्यावरच्या दांडीवर तीनदा आपटायचे. टक, टक, टक. मग मान जराशी वाकडी करून, मागच्या लांब बाकड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "पुणं आलं! पाकीट, पिशवी, पोर. तीन पं सांभाळा, मंडळी. चौथा पं पोलिसाचा हाय, त्याच्याकडं जायची येळ आनू नका."

रोजची माणसं हे वाक्य त्यांच्याबरोबरच म्हणायची. कुणी हसायचं, कुणी खिसा चाचपायचं. पहिल्यांदाच पुण्याला निघालेली एखादी म्हातारी मात्र खरंच घाबरायची आणि गाठोडं छातीशी धरून बसायची. तिच्याजवळ जाऊन ते हळू आवाजात सांगत, "आजे, एवढं घट नगं धरू. एवढं घट धरलं की चोराला वाटतं आत सोनंच हाय."

मुळशीहून पुण्याला येणाऱ्या एस.टी.चे ते कंडक्टर. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायची. तुम्ही आडगावच्या रस्त्यावर नोकरीसाठी ये-जा केली असेल, तर असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल. त्याचं आपल्याशी नातं काही नसतं. पण त्याची गाडी दिसली की आपण निम्मे घरी पोचलेलो असतो.

मी मुळशीच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले तेव्हा एकवीस वर्षांची होते. घर साताऱ्याकडचं, पुण्याशी ओळख अशी नव्हतीच. थोरली बहीण पुण्यात शनिवार पेठेत राहायची. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी दुपारच्या गाडीनं तिच्याकडे जायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत.

पहिल्याच शनिवारी भाऊंनी मला ओळखलं. म्हणजे नवखी म्हणून ओळखलं.

"बाई, पुण्यात कुटं जायचं?"

"शनिवार पेठेत. बहिणीकडे."

"रस्ता ठावा हाय?"

"विचारत जाईन."

"विचारा. पन कुनाला विचारायचं ते आदी शिका. रस्त्यात रिकामा हुबा असंल त्याला न्हाई विचारायचं. दुकानात बसलाय, म्होरं तागडी हाय, त्याला विचारायचं. जो जागा सोडून तुमच्यासंगं येऊ शकत न्हाई, त्यालाच. आन् पाट्या वाचत वर बघत चालू नका. वर बघनारा नवखा असतोय, हे चोराला लगीच कळतंय."

पुढे मी पुष्कळ गावं पाहिली. अजूनही अनोळखी गावात मी तागडी पुढे घेऊन बसलेल्या माणसालाच रस्ता विचारते.

भाऊ भऱ्याचे. पिरंगुटपासून आत गेलं की त्यांचं गाव. त्यांच्या वस्तीत मॅट्रिकपर्यंत पोचलेले ते पहिले, आणि खाकी कपड्यातली सरकारी म्हणावी अशी नोकरी मिळवणारेही पहिलेच. वडील गावकीची कामं करत आलेले. भाऊ सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा कधी उघडी ठेवत नसत. उन्हाळ्यात घामानं गळ्याभोवती पांढरी रेघ उमटायची, पण गुंडी लावलेली.

त्यांच्या उपदेशांना अंत नव्हता. नव्या नवरीला सांगत, "गळ्यातलं पदराखाली घे, पोरी. नवऱ्याला दिसलं म्हंजे झालं." नवरी लाजायची, नवरा त्याहून. दाखला काढायला पुण्याला निघालेल्या माणसाला विचारत, "अस्सल कागद एका पिशवीत आन् नकला दुसऱ्या पिशवीत ठेवल्या का? का सगळं एकाच घरात निजवलंय?"

कॉलेजला जाणाऱ्या चार-पाच मुली पौडला चढायच्या. गर्दीत त्यांना त्रास देणारा एक पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ होता, त्याला काही बोलायची सोय नव्हती. बोललं की उलट मोठ्यानं तोच विचारायचा, मी काय केलं म्हणून. भाऊंनी मुलींना एकेक मोठी पिन दिली. "बोलू नका. टोचा," एवढंच सांगितलं.

पिरंगुटच्या घाटात तो गृहस्थ एकदम ओरडून उभा राहिला. भाऊ गर्दीतून वाट काढत आले आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं, पावनं? ढेकूण चावला? ह्या बाजूला लईच हायेत. तुमी म्होरं चला, डायवरपाशी हुबं ऱ्हावा." तो मुकाट पुढे जाऊन उभा राहिला. मुली खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

एकदा त्यांची फजितीही झाली. गाडीत एक टोपीवाले आजोबा सगळ्यांना पेढे वाटू लागले. परक्याच्या हातचं गाडीत खाऊ नये, हा भाऊंचा नियम. गुंगी आणणारा पेढा देऊन लुबाडल्याच्या गोष्टी तेव्हा नेहमी कानावर यायच्या. भाऊंनी आजोबांना अडवलं. "आदी तुमी खावा." आजोबांनी खाल्ला. "आनकी एक." तोही खाल्ला. तिसऱ्याला आजोबा कळवळून म्हणाले, "अरे बाबा, नातू झालाय मला. मधुमेह हाय. पेढं खाऊ घालून मारतो का आता?" गाडी हसून हसून लोळली. भाऊंनी आजोबांच्या पायाला हात लावला, पेढा घेतला आणि कपाळाला लावून खिशात ठेवला. खाल्ला नाहीच.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊ, तुमचं काही चोरीला गेलं होतं का कधी?"

"माजं काय हाय न्ह्यायला?" ते हसले. "पन बाई, माज्या गाडीतनं उतरलेला मानूस रडत परत आला, की मला त्या दिवशी जेवन जात न्हाई."

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नवरात्राच्या आधीचा शनिवार होता. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या, आणि गाडीतही मुंगी शिरायला जागा नव्हती. माझ्या शेजारी हौसा नावाची एक बाई बसली होती. मुळशीच्या पलीकडच्या वाडीतली. तिचा नवरा खाणीवर कामाला होता. दगड पडून त्याचा पाय मोडला होता आणि त्याला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हौसा पहिल्यांदाच एकटी पुण्याला निघाली होती. जवळ एक मोठं बोचकं, त्यात घोंगडी, नवऱ्याचे कपडे आणि चार दिवसांच्या भाकरी. आणि बरोबर मुलगी. सुमी. चार वर्षांची.

सुमीनं पौडपर्यंत खिडकीतून बाहेर बघत हजार प्रश्न विचारले. मग तिला झोप आली. हौसाच्या मांडीवर बोचकं होतं, म्हणून ती माझ्या मांडीवर झोपली.

तिकीट द्यायला आलेले भाऊ तिच्याकडे बघून थांबले. "हिचं तिकीट न्हाई, पन नाव तर लिवायला पायजे. काय नाव गं?" सुमीनं झोपेतच डोळे किलकिले करून नाव सांगितलं. "सुमनबाई," भाऊ म्हणाले, "पुणं आलं की आईचा हात सोडायचा न्हाई." ती परत झोपली.

पुणं आलं. भाऊंनी चिमटा दांडीवर आपटला आणि आपलं वाक्य म्हटलं. स्टँडवर नेहमीचाच प्रकार. आतली माणसं उतरायच्या आधीच बाहेरची चढू पाहत होती. हौसा एका हातानं बोचकं आणि दुसऱ्या हातानं सुमीला धरून पुढे सरकली. तिच्यामागे दोन माणसं, आणि मग मी.

भाऊ दाराशी खाली उभे होते. हौसा पायरीवर आली तेवढ्यात गर्दीतून एका माणसानं बोचक्याला हात घातला. मलाही तो हात दिसला. भाऊ ओरडले, "ए बाई! बोचकं! बोचकं सांभाळ!"

हौसानं दोन्ही हातांनी बोचकं धरलं. जीव खाऊन ओढलं. त्या माणसानं सोडून दिलं आणि तो गर्दीत मिसळला. भाऊ त्याच्यामागे चार पावलं धावले, मग परत आले.

हौसा खाली उतरली होती. तिला धाप लागली होती, पण चेहऱ्यावर जिंकल्यासारखं हसू होतं. "वाचलं, दादा," ती म्हणाली. आणि मग तिनं बाजूला बघितलं.

एवढंच झालं. चपलेचा अंगठा तुटला तर वाकून बघायला जितका वेळ लागतो, तितका वेळ. मी उतरले तेव्हा मला वाटलं सुमी आईच्या पुढे आहे. आईला वाटलं ती माझ्याजवळ आहे. भाऊंनी आधी गाडीखाली वाकून पाहिलं, मग गाडीत चढून बाकड्यांखाली. मग ते स्टँडच्या मोठ्या फाटकाकडे धावत सुटले. तिकिटांची पेटी गळ्यात तशीच होती, ती उडून छातीवर आपटत होती. मी दुसऱ्या फाटकाकडे गेले. हौसा जागची हलली नाही. बोचकं दोन्ही हातांनी धरून ती नुसती "सुमे, सुमे" म्हणत उभी होती. जोरात हाकसुद्धा तिला मारता येत नव्हती.

स्टँडच्या चौकीतले पोलीस लगेच आले. चांगली माणसं होती, त्यांनी रिक्षावाल्यांना, हमालांना, उसाच्या गुऱ्हाळवाल्यांना विचारलं. मग वर्णन लिहून घ्यायला बसले. अंगावर काय होतं, असं विचारल्यावर हौसाच्या तोंडातून शब्द फुटेना. मीही गडबडले. भाऊ म्हणाले, "पिवळा फ्राक. पाठीमागची एक गुंडी तुटलेली, तिथं पिन लावल्याली. डाव्या पायात वाळा, उजव्यात न्हाई. उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी भाजल्याची खूण हाय." प्रत्येकाचं असं सगळं बघून ठेवायची त्यांना सवयच होती.

"फोटो असेल का?" पोलिसानं विचारलं.

फोटो नव्हता. वाडीतल्या मुलांचे फोटो तेव्हा कोण काढणार?

एव्हाना परतीच्या गाडीची वेळ होऊन गेली होती. माणसं आत बसली होती, कुणी शिट्ट्या मारत होतं. ड्रायव्हरनं एकदा भोंगा वाजवला, थोड्या वेळानं परत वाजवला. तो चौकीच्या दाराशी आला आणि उभा राहिला. भाऊ उठले. हौसासमोर उभे राहिले. "आक्का, गाडी न्यावी लागंल," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचाच वाटत नव्हता. हौसानं मान हलवली. तिला ते समजलं होतं की नाही, देव जाणे.

मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. नवऱ्यानं खाटेवरून आम्हाला येताना पाहिलं आणि हसून विचारलं, "सुमी कुटाय?"

सोमवारी पहाटे गाडीत भाऊ होते. त्यांनी मला तिकीट दिलं. गाडी रिकामी होती. भूगाव मागे टाकल्यावर ते माझ्या पुढच्या बाकड्यावर बसले, पाठमोरे.

"बाई," ते म्हणाले, "मी बोचकं म्हनलो."

"चोर होता, भाऊ. मीही पाहिला."

"भाकरी हुत्या वो त्यात." त्यांनी हातातला चिमटा मांडीवर ठेवला. "आन् इतकी वर्सं म्हनतोय. पाकीट, पिशवी, पोर. पोर शेवटाला. ध्यानातच आलं न्हाई माज्या."

त्यानंतर ते वाक्य त्यांनी कधी म्हटलं नाही. सुरुवातीला पुणं आलं की रोजच्या माणसांपैकी कुणीतरी सवयीनं "पाकीट" म्हणायचं आणि जीभ चावायचं. भाऊ आता गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उडी मारायचे. चढणाऱ्यांना दोन्ही हात पसरून मागे रेटायचे, शिव्या खायचे. आणि मूल असलेली बाई उतरली, की त्या मुलाचं मनगट स्वतः आईच्या हातात द्यायचे. "धरलं?" विचारायचे. ती "धरलं" म्हणाली की मगच पुढचा माणूस उतरायचा. यात वेळ जायचा. तक्रारी झाल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

सुट्टीच्या दिवशी ते सुमीला शोधायला जात. दौंड, लोणावळा, मिरज. स्टेशनं, देवळं, जत्रा, सर्कशीचे तंबू. कुठे एखाद्या भिकारणीच्या कडेवर मूल दिसलं, की जवळ जाऊन पायाचा अंगठा बघायचे. एका गावात लोकांना त्यांचाच संशय आला. पोरं पळवणारा म्हणून त्यांना धरून ठेवलं, दोन-चार ठेवूनही दिल्या. खाकी सदरा घालून गेले नव्हते ना. सोमवारी गालावर वळ घेऊन कामावर आले. मी विचारलं तर म्हणाले, "बरुबर केलं त्यांनी. असंच जागरूक ऱ्हायला पायजे."

मला हसावं की रडावं ते कळेना. त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ते मनापासून बोलत होते.

एका हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर माझ्या ओळखीचे होते. फोटो नाही तर चित्र तरी काढू, असं मला वाटलं. हौसा, भाऊ आणि मी तिघंही त्यांच्यासमोर बसलो. भाऊ सांगत होते, "नाक जरा बसकं. न्हाई, एवढं न्हाई. भिवया हितं जवळ." मास्तर खोडत होते, काढत होते. शेवटी एक मुलगी तयार झाली. गोंडस होती. हौसानं कागद हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला.

"कुनाची बी वाटतीया," ती म्हणाली आणि कागद हळूच माझ्याकडे दिला.

अडीच-तीन वर्षं गेली. हौसाचा नवरा लंगडत का होईना चालू लागला होता. तिला एक मुलगा झाला होता. एक दिवस भाऊ शाळेत आले. सोलापूरच्या बाजूला एका गावात मुलांचा आश्रम होता, तिथे एक मुलगी होती. साधारण तेवढ्याच वयाची. स्टँडवर सापडलेली. आपलं गाव डोंगरात आहे आणि तिथे लई पाणी आहे, असं सांगते म्हणे.

"लई पानी," भाऊ म्हणाले. "धरान असंल की हो, बाई!" इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. मी रजा काढली. हौसा, भाऊ आणि मी निघालो. प्रवासभर हौसा मांडीवर एक परकर-पोलकं घेऊन बसली होती. सुमी आता केवढी झाली असेल त्या अंदाजानं शिवलेलं.

आई येणार, असं आश्रमातल्या बाईंनी त्या मुलीला सांगितलं असावं. ती दारातून धावतच आली आणि हौसाच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई!"

हौसानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती खाली बसली. तिनं त्या पोरीचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. तिथे काही नव्हतं. डावाही पाहिला. मग तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"न्हाई," हौसा म्हणाली. "माजी न्हाई ही."

पोरगी आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होती. मग ती भाऊंकडे गेली आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून म्हणाली, "मी काम करीन." सात वर्षांचीही नसेल. भाऊंनी सदरा सोडवून घेतला नाही. आश्रमातल्या बाईंनी येऊन तिचं एकेक बोट सोडवलं.

परकर-पोलकं हौसानं तिलाच दिलं.

बाहेर आलो. स्टँडवर एका दगडावर हौसा बसली. ती म्हणाली, "भाऊ, मी व्हय म्हनले असते तर?"

भाऊ तिच्याशेजारी खाली बसले.

"कुनाला कळलं असतं? तिला तरी घर मिळालं असतं. मला तरी..."

"आक्का," भाऊ म्हणाले, "हिची बी आई हुडकत असंल की कुटंतरी. ती हितं आली, आन् पोर हितं नसली, तर?"

हौसानं पदर तोंडावर घेतला. गाडी आली तेव्हा भाऊंनी तिला हाताला धरून चढवलं. तिकीट त्यांनाच काढायचं होतं, तेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्या गाडीच्या कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा ते दचकले.

त्यानंतरही ते शोधायला जात राहिले. पण कमी. वय होत चाललं होतं, आणि सुमीही तर वाढत होती. आता कोणत्या वयाची मुलगी शोधायची, हेच अवघड झालं होतं. "बाई, आता ती दहाची," ते म्हणायचे. नंतर एकदा, "आता बाराची. वळख लागंल का वो?" मी म्हणायची, लागेल. दुसरं काय म्हणणार होते मी?

माझी बदली पिरंगुटच्या बाजूच्या शाळेत झाली. तिकडे कारखाने येऊ लागले होते. शेताच्या बांधावर पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या, आणि परगावचे कामगार खोल्या शोधत फिरत होते. भाऊंची गाडी मला क्वचितच मिळायची. एकदा दिसले ते दम लागलेले. दारातून उडी मारायचे नाहीत, दांडी धरून उतरायचे. मुलांची मनगटं मात्र तशीच आईच्या हातात देत होते.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, घरीच, सकाळी दाढी करताना ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

मी भऱ्याला गेले. घर लहानसं, शेणानं सारवलेलं. ओसरीवर माणसं होती. वहिनींना भेटले. त्या म्हणाल्या, "सुट्टीचा दिस मला कदी मिळालाच न्हाई बगा त्यांचा." तक्रार नव्हती त्यात. घडलं ते त्या सांगत होत्या.

आत, भिंतीला टेकून हौसा बसली होती. केस पांढरे होऊ लागलेले. घरचे तांदूळ घेऊन ती एकटीच आली होती. निघताना आम्ही बरोबरच निघालो. फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. दुपारचं ऊन होतं. समोरून कारखान्याचा ट्रक धूळ उडवत गेला.

"एक डाव तरी मी त्यांना शिवी द्यायला पायजे हुती, बाई," हौसा म्हणाली.

"भाऊंना?"

"व्हय. कदी बोलले न्हाई मी त्यांना. येका सबदानं न्हाई. त्यांची चुकी हुती कुटं? पन ते वाट बगायचे. मला दिसायचं ते. मी समोर आले की असं हुबं ऱ्हायाचे, जनू आता म्या कायतरी म्हननार. येकदा बोलले असते तर सुटलं असतं त्यांचं."

लांबून गाडीचा आवाज येऊ लागला होता.

"त्यांच्या गाडीला मी येत हुते मदनंमदनं," ती पुढे म्हणाली. "पुन्यात काय काम नसायचं माजं. सुमीचं तोंड आठवंना झालं की यायची. मालकांना इचारायची सोय न्हाई, ते रडत्यात. भाऊंना इचारायचं, कशी हुती वो? तिकिटं देऊन झाली की बसायचे आन् सांगायचे. नाक सांगायचे, भिवया सांगायचे. हसली की कसं दिसायचं ते सांगायचे. पौड येईस्तवर मला सगळी दिसायची."

गाडी येऊन थांबली. हौसानं पायरीवर पाय ठेवला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"तुमी बी बगितली हुती तिला, बाई," ती म्हणाली. "सांगा की. कशी हुती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. फार प्रयत्न केला. नवीन कंडक्टर दारातून म्हणत होता, "चला मावशी, आत चला, येळ होतोय."